आमदाराला पत्र लिहिताना विद्यापीठातलं पद लिहावं का? (अमेरिका)

सनदशीर: अमेरिकेत राज्य विधिमंडळाचं अधिवेशन आलं की अनेक विद्यापीठं कर्मचाऱ्यांना बजावतात: विधेयकाबद्दल खुशाल लिहा, पण विद्यापीठाचा ईमेल, लेटरहेड, कामाचे तास वापरू नका. रास्तच आहे. लेटरहेडवरचं पत्र ‘विद्यापीठाची भूमिका’ म्हणून वाचलं जातं. त्याच आठवड्यात अधिकृत प्रतिनिधी उलटं बोलला तर दोघांचंही वजन जातं. पदसुद्धा टाळावं.

मुद्देसूद: लेटरहेडचं मान्य, पदाचं अति झालं. भूजलावरच्या विधेयकाबद्दल भूजलशास्त्रज्ञाने नुसतं ‘एक नागरिक’ म्हणून लिहायचं? मग वाचणार कोण? ‘पद केवळ ओळखीसाठी, मत वैयक्तिक’ ही ओळ सहीखाली पुरते. शाळेच्या निधीवरून वर्तमानपत्रात पत्र लिहिणाऱ्या शिक्षकाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच चुकीची ठरवली. पिकरिंग खटला.

सनदशीर: पिकरिंगवर फार विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाचाच २००६ चा गार्सेटी निकाल सांगतो की नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या वक्तव्याला पहिल्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे भाषणस्वातंत्र्याच्या हमीचं, संरक्षण नाही. अध्यापन-संशोधनाचा प्रश्न तिथे खुला ठेवलाय, पण प्रवेश विभागातल्या कर्मचाऱ्याला त्याचा काय उपयोग?

हिशेबनीस: दोघंही सरकारी विद्यापीठांबद्दलच बोलताय. खासगी विद्यापीठाविरुद्ध पहिली घटनादुरुस्ती कामाची नाही. तिथे नोकरीचा करार आणि कर खातं. ५०१(सी)(३) संस्थेला, म्हणजे करमाफी असलेल्या ना-नफा संस्थेला, उमेदवाराचा प्रचार पूर्ण बंद, लॉबिंग (विधेयकाच्या बाजूने वा विरोधात आमदारांना पटवणं) मात्र मर्यादेत चालतं. ५०१(एच), म्हणजे लॉबिंग खर्चाच्या आकड्यावरून मोजायचं कलम, निवडलं तर त्या खर्चाची कमाल मर्यादा वर्षाला १० लाख डॉलर. विधिमंडळाच्या समितीने लेखी मागवलेलं तांत्रिक मत लॉबिंगमध्ये धरत नाहीत. मेख अशी की विनंती समितीच्या नावाने हवी आणि उत्तर सगळ्या सदस्यांना उपलब्ध हवं. एकट्या आमदाराने फोनवर ‘येऊन बोला ना’ म्हटलं तर ती सूट नाही. लोक इथेच फसतात. आणि पगार केंद्रीय अनुदानातून येत असेल तर लॉबिंगचे तास त्या खात्यावर टाकू नका, लेखापरीक्षणात अडकाल.

मुद्देसूद: म्हणजे लेखी निमंत्रण आलं की पदासकट बोलता येतं. मग विद्यापीठाच्या सूचनापत्रात नुसती ‘करू नका’ची यादी का? वर ‘आधी कळवा’, ज्याची हळूच ‘परवानगी घ्या’ होते. २०२१ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने तीन प्राध्यापकांना मतदान कायद्याविरुद्धच्या खटल्यात तज्ज्ञ साक्ष द्यायला मनाई केली, ओरड झाल्यावर माघार घेतली.

सनदशीर: ती न्यायालयातली साक्ष, विधिमंडळातली नव्हे. कळवायला काय हरकत आहे?

मुद्देसूद: कळवायला काहीच नाही. उत्तराची वाट पाहायला आहे. सुनावणी एक-दोन दिवसांच्या सूचनेवरही लागते, आणि तोवर फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावरही गेलेली नसते.