वासराचा जीन, काळी बुरशी आणि चीजवरचा हिरवा ठिपका

अनघा:
काल घरात चीजवरूनच वाजलं म्हणून लिहितेय. जाऊबाई म्हणाल्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात, मुलांना देऊ नकोस. पूर्वी खरंच तसं होतं, दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून रेनेट काढायचे, त्यात दूध घट्ट करणारं कायमोसिन नावाचं एन्झाइम असतं. पण आता त्या कायमोसिनचा जीन अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीत टाकतात, बुरशी टाकीत वाढते, एन्झाइम बाहेर सोडते, ते गाळून घेतात आणि वासरू लागतच नाही. आपल्याकडच्या नियमातही चीजला प्राण्याचं रेनेट चालत नाही. माझं मत स्पष्ट आहे, अशा चीजवर हिरवा ठिपका अगदी बरोबर आहे, आणि शाकाहारी लोकांनी तर या तंत्रज्ञानाचं स्वागत करायला हवं.

जिनेश:
ताई, नाही पटलं. जीन मुळात आला कुठून? वासराच्या पेशीतूनच ना, मग प्रती कितीही काढा, मूळ तेच राहतं. आमच्या आजीसाठी "आता कुणाला मारलं नाही" एवढं पुरत नाही, वस्तू कशातून जन्माला आली हेही ती बघते. आणि दुसरी वाट नाही असंही नाही, रायझोम्यूकर मिहेई नावाची बुरशी स्वतःचंच दूध घट्ट करणारं एन्झाइम बनवते, वासराचा जीन न घालता, कित्येक वर्षं वापरात आहे. पोर्तुगालात तर एका काटेरी रानफुलाच्या तुऱ्यांनी चीज लावतात.

मंदार (फूड टेक):
जिनेशभाऊ, रायझोम्यूकरचं बरोबर आहे पण तिचं एन्झाइम दुधातलं प्रोटीन जरा सरसकट तोडतं, त्यामुळे महिनोन्‌महिने मुरवायच्या चीजला कडवटपणा येऊ शकतो. कायमोसिन कप्पा केसीन या दुधातल्या एका प्रोटीनला एका ठरावीक जागी कापतं आणि बाकीचं फारसं छेडत नाही, सगळी गंमत त्यात आहे. उंटाचं कायमोसिन तर गाईच्या दुधावर वासराच्यापेक्षा चांगलं चालतं, तेही नायजर बुरशीतच बनवतात.

आणि नुसता जीन टाकला की झालं असं नसतं हो. सुरुवातीला बुरशी कायमोसिन फारच कमी सोडायची. मग संशोधकांनी डोकं लढवलं, ही बुरशी ग्लुकोअमायलेज नावाचं स्वतःचं एन्झाइम भरभरून बाहेर टाकते, तर कायमोसिन त्याच्याच शेपटाला जोडून दिलं, म्हणजे ते त्याच्याबरोबर बाहेर पडतं आणि पुढे आम्लात आपोआप सुटं होतं. शिवाय बुरशीचे स्वतःचे प्रोटीएज, म्हणजे प्रोटीन तोडणारे एन्झाइम, ते खाऊन टाकायचे, त्यातल्या मुख्य एन्झाइमचा जीन काढून टाकला. अमेरिकेत 1990 साली एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, जीन बदलून बनवलेलं कायमोसिन मंजूर केलं, ते मात्र ई. कोलाय बॅक्टेरियातलं होतं, बुरशीचं नंतर आलं.

वैशाली (लासलगाव):
नायजर म्हणजे आमच्या कांदाचाळीत साठवलेल्या कांद्यावर काळी पावडर धरते तीच ना? तिच्या काही जाती ओक्राटॉक्सिन नावाचं विष बनवतात, फ्युमोनिसिन हे दुसरं विषही सापडलंय, मग तिच्यावर विश्वास का ठेवायचा? विषाची भीती खरी आहे, ती "शास्त्रज्ञांनी सांगितलंय" म्हणून सोडून देता येत नाही.

मंदार:
तीच बुरशी. तुमचा प्रश्न योग्य आहे आणि म्हणूनच कुठली जात वापरायची त्याची आधी विषासाठी तपासणी होते. विष बनवणारे जीनच उडवता येतात, म्हणजे इथे जीन बदलणं भीती कमी करण्यासाठीही कामी येतं. याच बुरशीने 1919 पासून कारखान्यात सायट्रिक अ‍ॅसिड बनतंय, तेही वैशालीताई तुम्ही सरबतात पीत असाल. शिवाय शेवटी बुरशी मारून गाळतात, आणि एन्झाइमचा बराचसा भाग निवळीबरोबर निघून जातो.

संजय:
तुम्ही सगळे खाणाऱ्याचं बोलताय, हाताळणाऱ्याचं कोण बोलणार? माझा मावसभाऊ एका बेकरीत होता, पाव फुगायला जी पावडर घालतात त्यात बुरशीचं अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, पोती ओतून ओतून त्याला दम्याचा त्रास सुरू झाला, दोन वर्षं कुणाला कळलंच नाही कशाने. जीन बदललेला असो नसो, एन्झाइमची धूळ छातीत गेली की अ‍ॅलर्जी होते. द्रव स्वरूपात किंवा दाणेदार बनवून द्या, मास्क द्या, हे आधी करा.

अनघा:
संजयदादा, हे माझ्या डोक्यातच नव्हतं, बरं झालं लिहिलंत.

जिनेश, ठिपक्यावर मी अजून ठाम आहे, कारण कायमोसिनच्या जीनमधला अक्षरांचा क्रम आता माहिती म्हणून वापरला जातो, वासराला कुणी हात लावत नाही. पण तुमच्या आजीला निवडायचा हक्क हवा हे मान्य.

जिनेश:
एवढंच मागतोय ताई. युरोपात ऑरगॅनिक चीजला असं एन्झाइम चालत नाही, म्हणजे तिथे कुठेतरी हिशोब ठेवावाच लागतो ना, मग पाकिटावर एक ओळ छापायला काय हरकत आहे?

अनघा:
आत्ता फ्रीजमधलं पाकीट बघितलं. त्यावर फक्त "मायक्रोबियल एन्झाइम" लिहिलंय, त्यात रायझोम्यूकरही बसतं आणि वासराचा जीन घातलेली नायजरही. जाऊबाईंना काय दाखवू आता?