पोस्टरवर पूर्ण प्रोटोकॉल लिहायचा की झाकायचा?

पिपेटवाली
नमस्कार मंडळी. पीएचडीचं चौथं वर्ष, पुण्यात. पुढच्या महिन्यात कॉन्फरन्सला पोस्टर आहे (केलेलं काम मोठ्या कागदावर छापून लावायचं, लोक समोर येऊन विचारतात) आणि त्यावर प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाची कृती, पूर्ण द्यायचा का यावरून लॅबमध्ये वाजलंय. हापूसच्या गरातून आरएनए (डीएनएचा भाऊबंद रेणू) काढणं काय वैताग आहे ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल, साखर पेक्टिन फिनॉल सगळं एकदम अंगावर येतं, पेलेट, म्हणजे ट्यूबच्या तळाशी बसलेला गाळ, नुसती जेली, टिपेला लोंबत राहते, आणि जरा उशीर झाला की ट्यूब चहासारखी तपकिरी. दीड वर्ष घासून नेहमीच्या सीटॅब (एक साबणासारखं रसायन) पद्धतीत दोन पायऱ्या बदलल्या आणि आता जेलवर तपासलं की दोन्ही बँड स्वच्छ येतात, म्हणजे आरएनए शाबूत. सर म्हणतात रिझल्ट दाखव, त्या दोन पायऱ्या गाळ, पेपर आला की बघू. मला पटत नाहीये. मेथडचंच पोस्टर आणि मेथडच गायब, मग लोकांनी माझ्यासमोर उभं राहून बघायचं काय? काय करू सांगा.

हात_पोळलेला
सरांचं ऐक ताई. मी पण असाच उत्साही होतो. पोस्टरसमोर एक गृहस्थ अर्धा तास उभे, गोड बोलले, बफरचा पीएच विचारला, इन्क्युबेशन किती वेळ विचारलं, फोटो काढला, चहा पण त्यांनीच पाजला. आठ महिन्यांनी त्यांच्या ग्रुपचा पेपर, माझ्याच कंडिशन्स, आभारात पण नाव नाही. त्यांच्याकडे सहा माणसं आणि पैसा, आमच्याकडे मी आणि एक बिघडलेला सेंट्रिफ्यूज. तक्रार करणार कुणाकडे?

हायडलबर्गकर
वाईट झालं दादा, पण एका चोरामुळे सगळ्यांनी तोंडं शिवायची का? १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या गॉर्डन कॉन्फरन्समध्ये शास्त्रज्ञ हर्बर्ट बॉयर यांनी डीएनए जोडून बॅक्टेरियात घालायचं त्यांचं आणि स्टॅनली कोहेन यांचं काम सांगून टाकलं, पेपर आला नोव्हेंबरमध्ये. कोहेनना ते आधी बाहेर यायला नको होतं. पण बोलले म्हणून तिथल्याच लोकांना प्रश्न पडला की हे धोक्याचं तर नाही ना, त्यांनी 'सायन्स' या नियतकालिकाला पत्र लिहिलं आणि १९७५ च्या असिलोमार बैठकीपर्यंत गोष्ट गेली, तिथे शास्त्रज्ञ अशा प्रयोगांच्या धोक्यांवर बोलायला जमले. गप्प बसले असते तर तो प्रश्न कधी विचारला गेला असता कुणास ठाऊक.

पेटंटवाला_अण्णा
हायडलबर्गकर, अर्धीच गोष्ट सांगितलीत. पेपर आधी छापला आणि पेटंटचा अर्ज नंतर, १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये, जाहीर केल्यावरही एक वर्ष अर्ज करता येतो ही अमेरिकेची सवलत संपायला जेमतेम आठवडा राहिला असताना. त्यामुळे अमेरिकेतलं पेटंट मिळालं पण बाहेरच्या देशांतले हक्क गेले. आता हे कमाईचं पेटंट, लायसन्सचे २५ कोटी डॉलरच्या वर आले, म्हणजे काय गेलं ते तुम्हीच मोजा. आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम ३१ आहे, विद्वत्सभेत पेपर वाचलात तर १२ महिन्यांत अर्ज करता येतो. पण पोस्टर भिंतीला चिकटवणं म्हणजे 'वाचणं' का, यावर वकील भांडत बसतील. युरोपात तर ही सवलतच नाही. पिपेटवाली, सरांना पेटंट करायचंय का ते आधी सरळ विचार, नसेल तर माझा आक्षेप इथेच संपला.

हात_पोळलेला
आणि अजून एक, गॉर्डनला फोटो रेकॉर्डिंग बंद, तिथलं बोलणं खाजगी मानायचं असा नियम असतो. बंद दारामागचं उदाहरण देऊन हिला भर हॉलमध्ये प्रोटोकॉल टांगायला सांगताय तुम्ही.

हायडलबर्गकर
मान्य, मुद्दा बरोबर आहे. पण मग आपण तसा नियम मागायचा ना, इकडे पोस्टरवर कॅमेऱ्यावर काट मारलेलं चित्र लावतात, बरेच जण पाळतात. सगळे नाही.

सीटॅब_काकू
वीस वर्षं टेक्निशियन आहे मी. पेपरमधली मेथड वाचून कधीही, परत सांगते कधीही, पहिल्या फटक्यात काम झालेलं नाही. 'नीट मिसळा' लिहितात, म्हणजे व्हॉर्टेक्स मशीनवर गरागरा की हलक्या हाताने उलटसुलट? आरएनए खाली बसवायला लिथियम क्लोराइड घालून रात्रभर ४ अंशाला ठेवलं की दोनच तास? हे सगळं मला कॉन्फरन्सच्या जेवणाच्या रांगेत कळलंय, हातात थाळी घेऊन. उद्या सगळ्यांनी दोन दोन पायऱ्या गाळल्या तर आमच्यासारख्यांनी किलोभर आंबे फुकट घालवत बसायचं.

निवांत_बंड्या
उरलेला आंबा खाता का हो लॅबमध्ये?

सीटॅब_काकू
गरात घालतो त्या मर्कॅप्टोइथेनॉलचा वास एकदा घे, मग सांग खाशील का.

प्रीप्रिंट_झिंदाबाद
अरे भांडताय कशाला, २०१३ पासून बायोआर्काइव्ह आहे, छापायच्या आधीचा पेपर म्हणजे प्रीप्रिंट ठेवायची वेबसाइट. आधी तिथे टाक, तारीख पडते, मग पोस्टरवर क्यूआर कोड लाव. क्रिस्परचं, म्हणजे जनुकं कापायच्या कात्रीचं बघा, लिथुआनियाच्या शिक्शनिस यांनी पेपर एप्रिल २०१२ मध्ये 'सेल' या नियतकालिकाला पाठवला, सेलवाल्यांनी रिव्ह्यूला न पाठवताच परत केला, शेवटी सप्टेंबरमध्ये दुसरीकडे आला. तोवर जूनमध्ये डाउडना-शार्पेंटिए यांचा 'सायन्स'मध्ये. २०२० चं नोबेल त्या दोघींना. आणि त्या दोघींची ओळख तरी कुठे झाली? २०११ ला पोर्तो रिकोच्या कॉन्फरन्समध्ये.

हात_पोळलेला
तारीख पडते आणि पुढे काय? प्रीप्रिंट बघून कुणी केलं आणि संदर्भच नाही दिला तर तू धावणारेस का? आणि अण्णांनी सांगितलं ते विसरलास, प्रीप्रिंट म्हणजे पण जाहीर करणंच, पेटंट तिथेच मेलं.

प्रीप्रिंट_झिंदाबाद
हापूसच्या आरएनएचं पेटंट कोण घेणारे दादा.

पेटंटवाला_अण्णा
असं सगळेच म्हणतात. मग कुणीतरी तेच विकायचं किट काढतं.

पिपेटवाली
सगळ्यांचं वाचलं, काकूंना साष्टांग, मी पण रात्रभरच ठेवते. सरांना विचारलं पेटंट करायचंय का, तर म्हणाले छे, खर्च कोण करणार. मग गाळायचं कशाला हे विचारलं तेव्हा कळलं की खरी भीती शेजारच्या लॅबची आहे, कॉन्फरन्सची नाहीच! प्रीप्रिंटचा ड्राफ्ट काल रात्री मेल केलाय, पोस्टरचा पण, दोन्ही पायऱ्यांसकट. प्रिंटवाल्याला शुक्रवारपर्यंत फाइल द्यायचीये. सरांचं अजून उत्तर नाही.

हात_पोळलेला
त्या शेजारच्या लॅबचं तुझ्या फ्रीजरशी काही देणंघेणं नाही ना? कुलूप लाव.