व्होल्टाची चळत लगेच का मंदावते?

प्रश्न: १८०० साली इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने पहिली बॅटरी म्हणून केली तशी तांबं, मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, जस्त अशा १० जोड्यांची चळत रचली, तर एलईडी मिनिटभर झकास पेटून मग मिणमिणतो. कारण काय?

प्रतिसाद १: आधी पुठ्ठा पिळून घ्या, चकतीपेक्षा किंचित लहान कापा. वरच्या वजनाने पाणी कडेने ओघळतं, शेजारच्या जोड्या शॉर्ट होतात.

प्रतिसाद २: ते खरंच, पण मूळ दुखणं तांब्यावर साचणाऱ्या हायड्रोजनचं. बुडबुड्यांमुळे अंतर्गत रोध (प्रवाहाला आतून होणारा अडथळा) वाढतो, व्होल्टेज पडतं. १८३६ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डॅनियलने तांबं मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात ठेवलं. मग हायड्रोजनऐवजी तांबंच जमू लागलं आणि प्रवाह स्थिर राहिला. काय देखणा उपाय!

प्रतिसाद ३: पुठ्ठ्याशिवाय टेकणाऱ्या बाजू सॅंडपेपरने घासा. तिथला गंजही रोध वाढवतो.