पार्सलची वाट बघताना मजा, हातात आल्यावर काहीच नाही. हे डोपामाइनच का?

अर्धविराम:

मी घरी बसून भाषांतरं करतो. दोन महिन्यांपूर्वी हेडफोन मागवले. आधी तीन आठवडे नुसते रिव्ह्यू बघितले, मग ऑर्डर दिली, मग पार्सल कुठवर आलंय ते बघत बसलो. एका दिवशी मोजलं, ट्रॅकिंगचं पान १९ वेळा उघडलं होतं. पार्सल आलं, खोका टेबलाच्या कडेला ठेवला आणि पाच दिवस फोडलाच नाही. सहाव्या दिवशी फोडला, एक गाणं ऐकलं. आवाज खरोखर छान आहे. पण बस्, तेवढंच. त्याच रात्री कीबोर्डचे रिव्ह्यू बघत होतो.

कामाचंही तेच. नवीन पुस्तक हातात आलं की पहिली वीस पानं पळत सुटतात. सध्याच्या पुस्तकात ३१२ पैकी १४०व्या पानावर गाडी रुतलीय. फाइल उघडायलाच दीड तास जातो. एकदा उघडली की बरं चालतं, हेही खरं.

मित्र म्हणाला, तुझं डोपामाइन जळून गेलंय, सात दिवस 'डोपामाइन डिटॉक्स' कर. केला. फोन कपाटात, गाणी बंद, सिरीज बंद. चौथ्या दिवशी पंख्याच्या पात्यावरच्या डागांशी ओळख झाली. आठव्या दिवशी फोन बाहेर काढला आणि रात्री अडीचपर्यंत खाली मान घालून बसलो.

डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन ना? मग वाट बघताना एवढं आणि मिळाल्यावर शून्य, हा काय हिशेब? आणि ते खरंच 'संपतं' का? माहीतगारांनी सांगावं. स्फूर्तिदायक व्हिडिओ कृपया नकोत.

चुळबुळ:

पुढचा खोका माझ्याकडे पाठवा, मी फोडून देतो. सेवा मोफत.

जुना उंदीरवाला:

एमएस्सीनंतर दोन वर्षं एका प्रयोगशाळेत उंदरांबरोबर काढली, म्हणून हे नाव. तुमचा प्रश्न वाचून १७ नंबर आठवला.

आधी ते 'आनंदाचं रसायन' प्रकरण निकालात काढू. १९५४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ऑल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. दांडी दाबली की विजेचा हलका झटका. उंदीर दांडी सोडेनात. लोकांनी अर्थ लावला की त्यांना अपार सुख होतंय. पुढे या सगळ्यात डोपामाइनचा हात आहे असं दिसलं आणि सुखाची पाटी त्याच्या गळ्यात पडली. पण उंदीर दांडी सोडत नाही एवढंच दिसत होतं. त्याला मजा येतेय हे आपण आपल्या पदरचं घातलं. (डास चावला की आपणही खाजवायचं थांबत नाही!)

आता १७ नंबर. इंग्रजी टी अक्षरासारखा एक मार्ग असतो. डाव्या फाट्यावर खाण्याच्या चार गोळ्या, पण मध्ये जाळीचं उभं कुंपण. उजवीकडे दोनच गोळ्या, रस्ता मोकळा. माझं काम म्हणजे गोळ्या ठेवायच्या, दार उचलायचं आणि कोण कुठे गेलं ते वहीत लिहायचं. एरवी १७ नंबर डावीकडे जाऊन कुंपण चढायचा आणि पलीकडे धपकन उडी टाकायचा. डोपामाइनचा संदेश अडवणाऱ्या हॅलोपेरिडॉलचा बारीकसा डोस दिला की तो फाट्यावर थांबायचा. डावीकडे नाक करायचा, मिशा हलवायचा आणि उजवीकडे वळायचा. दोन गोळ्या नेहमीसारख्याच मिटक्या मारत खायचा.

खरी मेख पुढे आहे. उजवीकडे काहीच ठेवलं नाही, तर औषध दिलेला तोच उंदीर बऱ्याचदा डावीकडे जाऊन कुंपण चढतो. म्हणजे पायात बळ आहे, भूक आहे, गोळी आवडते आहे. 'एवढ्यासाठी चढू का?' या प्रश्नाचं उत्तर तेवढं बदललं. हा माझा शोध नव्हे. अमेरिकेत जॉन सॅलामोन यांनी यावर बरंच काम केलंय, आम्ही त्यांचीच पद्धत गिरवत होतो.

तुमचं 'उघडायला दीड तास, उघडल्यावर बरं चालतं' मला या फाट्यावरचं वाटतं. उंदरावरून माणसावर उडी मारताना जपून मारावी हे मान्य, तरीही.

पार्सलचं उत्तर माकडांकडे आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या डोपामाइन पेशी एकेक करून ऐकत होते. या पेशी एरवीही सेकंदाला तीनपाच वेळा टिकटिकत असतात. अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की एकदम कडकडाट. मग दरवेळी रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. माकड शिकलं, तसा कडकडाट दिव्याकडे सरकला. रस आला तेव्हा पेशी जैसे थे. रस तोच, माकड तेच, पण बातमी जुनी झालेली. आणि दिवा लागूनही रस दिला नाही, तर नेमक्या त्या क्षणी टिकटिक थांबायची. १९९७ मध्ये डायन आणि माँटॅग्यू यांच्याबरोबर त्यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अंदाज किती चुकला ते मोजतात. अंदाजापेक्षा जास्त मिळालं तर वर, कमी मिळालं तर खाली, बरोब्बर तेवढंच मिळालं तर काही नाही. गंमत म्हणजे हे गणित कॉम्प्युटरला शिकवणाऱ्या सटन आणि बार्टो यांनी आधीच मांडून ठेवलेलं होतं.

तुमचे हेडफोन जसे येणार होते तसेच आले. तीन आठवडे रिव्ह्यू वाचून तुम्ही अंदाज चुकायला जागाच ठेवली नाही. ट्रॅकिंगच्या पानाचं तसं नाही. उघडल्यावर नवीन काही दिसेल किंवा दिसणार नाही. रस मिळण्याची शक्यता निम्मी असते तेव्हा वाट बघण्याच्या काळात या पेशींची टिकटिक हळूहळू चढत जाते आणि सगळ्यात वर पोचते, हे शुल्ट्झ यांच्याच गटाने २००३ मध्ये दाखवलं. तुमच्या १९ वेळांत मला नवल वाटत नाही.

वळचण:

उंदीर-माकडांचं मला कळत नाही. माझ्या बाबांना कंपवात होऊन नऊ वर्षं झाली. त्यांचं सांगते.

हात कापायला लागला त्याच्या दोनेक वर्षं आधी बाबा 'आळशी' झाले. अवतरणात घालून सांगतेय, कारण आम्हीच त्यांना तसं म्हणत होतो. संध्याकाळचा फेरफटका थांबला. वाचनालयाचं पुस्तक महिनाभर पहिल्याच पानावर. मी एकदा चिडून म्हणाले, "बाबा, तुम्हाला कशाची आवडच उरली नाही." तर म्हणाले, "आवड आहे गं. उठवत नाही." मी पुस्तक घेऊन शेजारी बसले आणि वाचून दाखवायला लागले, तर विनोदाच्या जागी आधी तेच हसायचे. मला हे तेव्हा कळायला हवं होतं. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि कंप दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. निरुत्साह हा त्या आजाराचा भाग असू शकतो, हेही तेव्हाच समजलं.

मी विचारलं, मग सरळ डोपामाइनच का देत नाही? तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. अतिदक्षता विभागात डोपामाइनची सलाइन लावतात, ती रक्तदाबासाठी. त्याने कोणी हुरूप येऊन उठून बसत नाही. म्हणून त्याच्या आधीची पायरी, लेव्होडोपा देतात. ते मेंदूत जातं आणि तिथे त्याचं डोपामाइन होतं. वाटेतच होऊन जाऊ नये म्हणून गोळीत सोबत कार्बिडोपा असतं. बाबांची गोळी लागू पडते ती वेळ आम्हाला पायांच्या आवाजावरून कळते. आधी चपला फरफटत असतात, मग पावलं वाजायला लागतात.

आता तुमच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट. चौथ्या वर्षी लेव्होडोपाच्या जोडीला प्रामिपेक्सोल सुरू झालं. ते डोपामाइनच्या जागी जाऊन बसतं. चालणं सुधारलं, आम्ही खूश. काही महिन्यांनी बाबांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून उघडलं. मग दुसरं. मग गजराचं. मग शेजाऱ्यांकडून बंद पडलेली मागून आणायला लागले. रात्री दोनला उठून बघते तर टेबललॅम्पखाली बसलेले, समोर वर्तमानपत्रावर स्क्रू लांबीप्रमाणे रांगेत लावलेले, दातेरी चाकं वेगळ्या झाकणात. जोडून काही होत नव्हतं. उघडायचं, लावून ठेवायचं, पुन्हा दुसऱ्या क्रमाने लावायचं. चौदा घड्याळं झाली.

मी विचारलं, "मजा येते का बाबा?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "छे. कंटाळा आलाय. हात थांबत नाही."

मला वाटत होतं की उत्साह परत आला, छंद लागला! डॉक्टरांनी ऐकल्याबरोबर गोळीकडे बोट दाखवलं. काहींना याने जुगार लागतो, काहींना खरेदी. २०१० मध्ये ३,०९० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यात या जातीची औषधं घेणाऱ्यांत १७.१ टक्के लोकांना असा काही ना काही आवर न घालता येणारा नाद होता, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. सुरू करताना आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. आधी माहीत असतं तर दुसऱ्या घड्याळालाच फोन केला असता. डोस हळूहळू उतरवत नेला (एकदम बंद केला तर त्याचा वेगळा त्रास होतो, तेव्हा कोणी मनाने करू नये) आणि घड्याळं थांबली.

त्यामुळे 'आनंदाचं रसायन' कोणी म्हटलं की मला तो टेबललॅम्प दिसतो.

जुना उंदीरवाला:

वळचण, तुमच्या बाबांचं "आवड आहे गं, उठवत नाही" हे मी वर्गात ऐकलेल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा नेमकं आहे. मिशिगनचे केंट बेरिज आयुष्यभर हेच सांगत आले: ओढ वेगळी, गोडी वेगळी. त्यांनी ज्या उंदरांचं डोपामाइन जवळजवळ पूर्ण काढून टाकलं होतं, ते समोरच्या खाण्याला तोंड लावत नसत, उपाशी मेले असते. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की इतर उंदरांसारखेच ओठ चाटायचे. गोडी शाबूत, ओढ गायब. बाबांच्या घड्याळांत नेमकं उलटं झालं.

अर्धविराम:

वळचण, तुमचं दोनदा वाचलं. घड्याळांच्या जागी मला माझे कीबोर्डचे रिव्ह्यू दिसले. कबूल करायला जड जातंय, पण त्यातही मजा येत नाही.

उंदीरवाले, दोन शंका राहिल्या. माझं संपलेलं नाही, हे नक्की ना? मित्र आता टायरोसिनच्या गोळ्या घे म्हणतोय, त्यातून डोपामाइन बनतं म्हणे. आणि डिटॉक्स केला तो वायाच गेला का?

जुना उंदीरवाला:

संपलेलं कसं दिसतं ते सांगतो. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, म्हणजे मेंदूतला डोपामाइनचा साठा रिकामा करणारं औषध. ससे कान पाडून जागच्या जागी लोळागोळा झाले. मग लेव्होडोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात कान ताठ करून ससे उड्या मारायला लागले. २००० सालच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. तुम्ही रात्री अडीचपर्यंत जागून अंगठ्याने पडदा सरकवत होता. तुमचे कान चांगले ताठ आहेत.

टायरोसिनपासून डोपामाइन बनतं हे खरं. पण बनवणाऱ्या पहिल्या एन्झाइमचा वेग ठरलेला, आणि त्याच्यापुढे टायरोसिन सहसा पुरेसं पडलेलं असतं. गिरणीसमोर आणखी चार पोती टाकून दळण लवकर होत नाही.

डिटॉक्स म्हणाल तर डोपामाइनचा उपास घडत नाही. छताकडे बघत असतानाही त्या पेशी टिकटिकतच होत्या. फोन कपाटात ठेवल्याने एक झालं, दिवा दिसेनासा झाला. त्याचा उपयोग असतो. पण आठव्या दिवशी तोच दिवा त्याच जागी परत लावलात.

मला खरं कुतूहल कुंपणाचं आहे. तुमचा दीड तास फाइलच्या अलीकडे जातोय. कुंपण उंच वाटतंय की खरोखरच उंच आहे? १४१व्या पानावर काय आहे?

अर्धविराम:

हा प्रश्न वाचून पाच मिनिटं गप्प बसलो.

१४१व्या पानावर कविता आहे. सोळा ओळींची, यमकासकट. तीन आठवड्यांत तिच्या दोनच ओळी झाल्यात आणि त्याही वाईट आहेत. फाइल उघडली की कर्सर तिथेच उभा असतो. 'उघडली की बरं चालतं' म्हणालो, ते मागच्या पानांची दुरुस्ती करत बसतो म्हणून. मोकळा फाटा, दोन गोळ्या.

कविता लाल रंगात तशीच सोडून १४२ पासून सुरू केलंय. आज साडेतीन पानं झाली. कीबोर्डचा टॅब अजून उघडा आहे.

चुळबुळ:

कविता इथे टाका. सोळा ओळी, आपण जण भरपूर आहोत.

वळचण:

टाकाच. बाबांना यमकं जुळवायला आवडतं. सकाळची गोळी लागली की विचारते.