मदत हवी आहे : कायम पदाशिवाय अनुदान नाही, अनुदानाशिवाय कायम पद नाही. वय ३६, मार्चमध्ये प्रकल्प संपतो आहे

मूळाक्षर :

नमस्कार. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी केल्यानंतर गेली पाच वर्षे मी पुण्यातील एका सरकारी संशोधन संस्थेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीवरची संशोधक, म्हणून काम करते आहे. पाण्याचा ताण पडल्यावर ज्वारीच्या मुळांभोवतीचे जिवाणू पिकाला कसे तगवून धरतात, हा माझा विषय. पहिली दोन वर्षे फेलोशिपवर गेली, त्यानंतर गाईडच्या प्रकल्पात रिसर्च असोसिएट झाले, आणि हा प्रकल्प येत्या ३१ मार्चला संपतो आहे. माझ्यासमोर तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीवर वयाचे किंवा पदाचे एक फाटक आहे. यातून आधी गेलेल्या कोणाचा तरी सल्ला हवा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली वाट केंद्र सरकारच्या इन्स्पायर फॅकल्टी योजनेची. पाच वर्षे दरमहा १,२५,००० रुपये आणि वर्षाला ७ लाखांचे संशोधन अनुदान मिळते, शिवाय काम स्वतःच्या नावाने करता येते. खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३२ असली तरी महिलांसाठी ती ३७ आहे, त्यामुळे माझ्या हाती जेमतेम एक फेरी उरते. निवड झालीच तर पाच वर्षांनंतर यजमान संस्थेने, म्हणजे जेथे राहून हे काम करायचे तिने, कायम पद द्यावे असे कोणतेही बंधन तिच्यावर नाही, आणि तेव्हा मी ४२ वर्षांची असेन, तर आयसरसारख्या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या जाहिरातींत सहायक प्राध्यापकासाठी पस्तिशीच्या आतील उमेदवारांना पसंती दिलेली असते.

दुसरी वाट पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठाची आहे. तेथे सहायक प्राध्यापक पदासाठी माझी मुलाखत झाली असून होकार आला आहे. पगारापेक्षा मला मोह आहे तो ‘नियमित पद’ या दोन शब्दांचा. संशोधनाला अनुदान देणाऱ्या एसईआरबी या केंद्रीय मंडळाची जागा आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे आणि तिच्या प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँटमधून तीन वर्षांसाठी ६० लाख रुपये मिळू शकतात. तेथील वयोमर्यादा ४२ आहे, म्हणजे वेळ आहे, परंतु अर्जदार नियमित पदावर असावा लागतो. पाच वर्षे तेच काम करूनही माझ्यासारख्या प्रकल्पावरील व्यक्तीला त्या दारापाशी उभेही राहता येत नाही. विद्यापीठात मात्र अध्यापनाचा भार मोठा असेल आणि विभागाकडे उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर नाही, जो माझ्या नमुन्यांसाठी अत्यावश्यक आहे.

तिसरी वाट जर्मनीतील दोन वर्षांच्या पोस्टडॉकची. तेथून परतताना रामानुजन फेलोशिपसाठी अर्ज करता येईल, ती परदेशात काम करणाऱ्या चाळिशीच्या आतील भारतीय वैज्ञानिकांसाठी आहे. पण नवऱ्याची नोकरी पुण्यात आहे आणि मुलगी चार वर्षांची आहे.

अनुदानित महाविद्यालयांचा विचार मी सोडून दिला आहे. कायम जागांची भरती वर्षानुवर्षे रखडते आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवणाऱ्या मैत्रिणींची अवस्था मी जवळून पाहिली आहे.

पैशांच्या अनिश्चिततेची मला सवय झाली आहे, असे म्हणावे लागेल. फेलोशिपच्या काळात एकदा सात महिने काहीच जमा झाले नव्हते. पुढे थकबाकी एकरकमी आली, हे खरे, परंतु घरमालकाला ‘एकरकमी’ ही कल्पना समजावून सांगणे कठीण असते. म्हणून आता मला केवळ आणखी एक फेलोशिप नको आहे. पुढची दहा वर्षे ज्यावर उभी राहू शकेल असा पाया हवा आहे. खाजगी विद्यापीठातील नोकरी स्वीकारल्यास संशोधन प्रत्यक्षात जिवंत राहते का? होकार कळवण्यापूर्वी मी तेथे नेमके काय विचारावे?

प्रतिसाद, पडीकरान :

मी सहा वर्षे विदर्भातील एका खाजगी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतो आहे. मला नवोदित संशोधकांसाठीच्या जुन्या स्टार्ट-अप रिसर्च ग्रँटमधून दोन वर्षांचे अनुदान मिळाले होते, त्यामुळे संशोधन जिवंत राहते असे म्हणू शकतो, मात्र ते आपोआप राहत नाही.

सर्वप्रथम नियुक्तिपत्राचा मसुदा मागा. तीन किंवा पाच वर्षांच्या करारावरील नेमणुकीलाही बोलण्यात सर्रास ‘नियमित’ म्हटले जाते, पण अनुदानाच्या अर्जासोबत संस्थेचे जे पत्र जोडावे लागते त्यात तसे लिहून देण्याची वेळ आली की कुलसचिव कार्यालय कचरते. मुलाखतीत मिळालेली तोंडी हमी तेव्हा कोणाच्याच लक्षात नसते.

दुसरा मुद्दा तासिकांचा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तास आहे. माझे पहिल्या वर्षी २२ झाले, कारण प्रात्यक्षिकांचे तास आणि प्रवेशाच्या काळातील कामे त्यात कोणी धरत नाही. अनुदान मिळाल्यास किती तास कमी होतील, हे आत्ताच लिहून घ्या.

६० लाख ऐकायला भरपूर वाटतात, पण हिशेब मांडून पाहा. प्रकल्पावरच्या संशोधक विद्यार्थ्याला (जेआरएफ) २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि दोन वर्षांनी तो वरिष्ठ, म्हणजे एसआरएफ, झाल्यावर ४२,००० रुपये द्यावे लागतात. घरभाडे भत्ता न धरताही एका विद्यार्थ्याचे तीन वर्षांचे जवळजवळ १४ लाख होतात. त्यात फ्रीझर आणि जिवाणूंच्या डीएनएचे सिक्वेन्सिंग धरले की चित्र स्पष्ट होते. शिवाय हप्त्यांमध्ये पैसे येतात आणि आधीच्या रकमेचे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे ती कशी खर्च झाली याचा दाखला, वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो. ते प्रमाणपत्र तयार करणारा माणूस तुमच्या लेखा विभागात आहे का, हा प्रश्न मुलाखतीत विचारायला लाज वाटते, पण मी तोच सर्वांत आधी विचारेन.

फ्रीझरसाठी रुजू होण्यापूर्वीच विद्यापीठाकडे सीड मनी, म्हणजे संशोधन सुरू करण्यासाठीचा निधी, मागा. रुजू झाल्यावर मागणी करणारे आपण एकटेच नसतो.

प्रतिसाद, नेकारकाठ :

मी बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये तिसऱ्या करारावर आहे. इथे यंत्रसामग्री उत्तम आहे आणि पगार महिन्याच्या अखेरीस नेमाने जमा होतो, परंतु २००७ च्या कायद्यानुसार शैक्षणिक पात्रता मिळवण्याच्या कारणाने मुदतीचे करार पीएचडीपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षेच करता येतात. त्यानंतर कायम पद मिळवा किंवा बाहेर पडा, अशी स्थिती होते. २०२१ मध्ये ‘इश बिन हाना’ (‘मी हाना आहे’) या हॅशटॅगखाली येथील तरुण संशोधकांनी याच विषयावर आवाज उठवला होता. दोन वर्षांसाठी आलात तर परतीची तयारी पहिल्या महिन्यापासून करावी लागेल. कुटुंब तिकडे ठेवून ते जमणे अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

मूळाक्षर :

दोघांचेही आभार. पडीकरान, तुम्ही सांगितल्यावर आज नियुक्तिपत्राचा मसुदा मागवला. त्यात ‘प्रारंभी तीन वर्षांसाठी, कामगिरीच्या आधारे पुढे’ असे लिहिले आहे. परिवीक्षा, म्हणजे कायम करण्यापूर्वीचा चाचणीचा काळ, असा शब्द कोठेही नाही. सोमवारी मी कुलसचिवांना भेटून हे वाक्य बदलता येईल का, अनुदानाच्या अर्जासाठी नियमित पदाचे पत्र मिळेल का, आणि तासिकांत किती सवलत मिळेल, हे तिन्ही लेखी विचारणार आहे. दरम्यान इन्स्पायरचा अर्जही भरते, कारण तो न भरल्याची खंत मला जास्त काळ पुरेल. एक शंका उरतेच : यजमान संस्था म्हणून त्याच खाजगी विद्यापीठाचे पत्र घ्यावे, की सध्याच्या संस्थेचे? सध्याच्या संस्थेत उपकरणे आहेत, पण माझे गाईड पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत.