टर्की ब्रेस्टला ८ तास नकोत

ताई, स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) ८ तास ‘लो’वर म्हणजे सगळ्यात मंद आचेवर ठेवून टर्की ब्रेस्ट (टर्की पक्ष्याच्या छातीचं मांस) कोरडी झाली, पुढच्या वेळी पाणी वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. पाणी नका वाढवू, वेळ कमी करा. मटणात किंवा तंगडीत चिवट ऊती असतात, त्या तासन्‌तास शिजून विरघळतात. म्हणून तर आमच्याकडे नागपुरात सावजी मटण मंद आचेवर इतकं छान मुरतं. ब्रेस्टमध्ये चरबीही कमी आणि त्या ऊतीही कमी. जास्त शिजवलं की नुसता रस निघून जातो, भोवती कितीही रस्सा असला तरी.

दीड किलोचा तुकडा असेल तर ३ तासांनंतर जाड भागात थर्मामीटर खुपसून बघा. ७४ अंश सेल्सियस झालं की लगेच बाहेर काढा. आणि गोठलेला तुकडा तसाच स्लो कुकरमध्ये कधीच टाकू नका. तो फार वेळ कोमट राहतो आणि जंतू वाढतात. आधी फ्रीजमध्ये त्याचा बर्फ पूर्ण सुटू द्या.

सावजी चव हवी असेल तर खसखस, सुकं खोबरं, धणे, दगडफूल भाजून वाटा आणि कांद्याबरोबर कढईत तेल सुटेपर्यंत परता. हे काम स्लो कुकर करत नाही, कच्चा मसाला त्यात कच्चाच लागतो. इथे टर्की सहज मिळत नाही, मी चिकन ब्रेस्टलाच हा मसाला लावते. त्याला वेळ आणखी कमी पुरतो.

कापण्याआधी १५ मिनिटं झाकून ठेवा आणि धाग्यांना आडवे काप करा.