सल्ला हवा: आठवीतल्या भाचीसाठी सावळ्या नायिकेचा गेम सुचवा

रापणकर

मंडळी, नमस्कार. मी मालवणचा, घराला लागून दोन खोल्यांचा होमस्टे आहे. पावसाळ्यात पर्यटक नसतात, त्यामुळे एका खोलीतल्या टीव्हीचा ताबा भाचीकडे. त्याला सेकंडहँड पीएस४ (प्लेस्टेशन ४, टीव्हीवर गेम खेळायचं यंत्र) जोडलाय, कोल्हापूरहून आणलेला. सोबत एक फुटबॉलची आणि एक गाड्यांची डिस्क फुकट मिळाली, ती दोन्ही खेळून खेळून झिजली.

परवा ती मोबाइलवरच्या कुठल्याशा गेममध्ये स्वतःचं कॅरेक्टर बनवत होती. केस, भुवया, नाक, सगळं मन लावून. मग रंगाची पट्टी आली. दुधापासून कोळशापर्यंत आठ-दहा चौकोन. पोरीने बघितलंही नाही, बोट थेट दुधावर. मी म्हटलं, ‘गो, हो तुझो रंग नाय.’ तर म्हणते, ‘मामा, हिरॉईन कधी काळी आसता काय?’ आणि पुढे बुटांकडे वळली. रडली नाही, रुसली नाही. दोन अधिक दोन चार म्हणावं तसं म्हणाली. मला रात्री झोप लागली नाही. (तिच्या आईचं लग्न जमवताना काय काय ऐकलंय ते मला ठाऊक आहे, पण तो वेगळा धागा.)

तर असा गेम सांगा ज्यात मुख्य पात्रच सावळं आहे, मुलगी असेल तर उत्तम. पीएस४ आहे आणि एक साधा लॅपटॉप. नेट हॉटस्पॉटवरचं, वर पावसात लाइट जाते, तेव्हा ऐंशी जीबी उतरवायला सांगू नका, डिस्क मिळाली तर बरं. रक्तपात बेताचा. आगाऊ धन्यवाद.

कालवं_खडपावरची

स्पायडरमॅनमधला माइल्स मोरालेस, २०२०. आई पोर्तोरिकन, बाप कृष्णवर्णीय, घर हार्लेममध्ये. पीएस४ वर चालतो, डिस्क मिळते. मुलगी नाही, पण आई-मुलाचं नातं फार गोड आहे. डोळे मिटून घ्या.

बाळग्या

जीटीए मालिकेतला सॅन आंद्रेस घ्या! २००४ चा, पण सीजेसारखा हिरो परत झाला नाही.

कालवं_खडपावरची

बाळग्या, तेरा वर्षांच्या पोरीला जीटीए? डोकं ठिकाणावर आहे ना? आणि हेच तर दुखणं आहे. त्या काळात काळा हिरो हवा असेल तर एक तर टोळीवाला, नाहीतर बास्केटबॉलवाला. सीजे मलाही आवडतो, पण तो मोठ्यांसाठी.

चाकरमानी_डोंबिवली

मला एक कळत नाही. खेळात रंग कशाला बघायचा? मारियो इटालियन, धंद्याने प्लंबर, बनवला जपान्यांनी, आणि आम्ही तो कणकवलीत भाड्याने आणलेल्या खेळण्यावर खेळलो. कोणाला काही वाटलं? पोरीच्या डोक्यात नसलेलं भूत तुम्हीच घालताय.

रापणकर

चाकरमानी, भूत तिच्या डोक्यात आधीच होतं. मी फक्त बोट कुठे गेलं ते पाहिलं.

गुहागरी

चाकरमानीभाऊ, मारियो मीही खेळलो. पण तुम्ही ‘स्ट्रीट फायटर २’ हा मारामारीचा गेमही खेळला असाल. १९९१ चा. त्यात आपला म्हणून कोण होता? धालसीम. गळ्यात कवट्या, हात रबरासारखे लांब, तोंडातून जाळ. आमच्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये त्याला कोणी घ्यायचं नाही, सगळ्यांना केन हवा, सोनेरी केसांचा. तेव्हा मलाही काही वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं हेच आता खटकतं.

आणि हे नुसतं मनाचं खेळणं नाही. २००९ साली संशोधकांनी दीडशे गेम्समधली पात्रं मोजून अमेरिकेच्या जनगणनेशी ताडून पाहिली होती. गोरे, पुरुष आणि प्रौढ प्रमाणाबाहेर जास्त. बाया, लॅटिनो, मूळ अमेरिकन, लहान मुलं, म्हातारे कमी. तिथल्याच लोकांची ही गत, तर कोकणातली सावळी पोर कुठल्या हिशेबात येणार?

चिपळूणची_माहेरवाशीण

रापणकरदादा, बाकी सगळं राहू दे. अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी. २०१७, पीएस४, डिस्कवर मिळतो. नायिका क्लोई फ्रेझर, बाप भारतीय, आई ऑस्ट्रेलियन. दुसरी नायिका नदीन रॉस, दक्षिण आफ्रिकेची, कृष्णवर्णीय. म्हणजे दोघीही गोऱ्या नाहीत, आणि दोघी मिळून जीप हाकत फिरतात कुठे, तर आपल्याच सह्याद्रीत! घाट उतरून कर्नाटकाच्या बाजूला, होयसळांच्या जुन्या राजधानीच्या शोधात. शोधायचा आहे गणपतीचा दात.

आता खरी मजा. तो दात कसा तुटला ही गोष्ट क्लोई नदीनला सांगते. परशुरामाने परशू फेकला, तो शंकराने दिलेला, म्हणून गणपतीने वडिलांचा मान राखून घाव दातावर घेतला. मी लोटे परशुरामच्या देवळात आजीच्या मांडीवर बसून ही गोष्ट ऐकलेली. आणि इथे पडद्यावर एक बाई, माझ्यासारख्याच रंगाची, ती गोष्ट सांगतेय आणि समोर धबधब्याखाली डोंगराएवढ्या मूर्ती. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि चिपळूणला आईला फोन लावला. तिला काडीचं कळलं नाही.

पण आंधळी भक्ती नको. क्लोई पहिल्यांदा आली २००९ मध्ये, अनचार्टेड दोनमध्ये, तेव्हा तिच्या भारतीय बापाचा पत्ताही नव्हता, तो नंतर चिकटवला. क्लोई आणि नदीन, दोघींचे आवाज गोऱ्या नट्यांचे. गोळीबार आहे, थोड्या शिव्या आहेत, पण टोमॅटो सॉसचा पूर नाही. माझा पुतण्या सातवीत खेळला.

कालवं_खडपावरची

+१. आवाजाचा मुद्दा मात्र बरोबर. चेहरा द्यायला हात सैल, माइक द्यायला आखडता.

इडलीपात्र

माझं मत वेन्बाला, २०२३ चा. १९८८ साली कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, नायिका आई. लढाई नाही, फक्त स्वयंपाक. तिच्या आईची फाटकी पाककृतींची वही आहे, त्यातली अक्षरं पुसलेली, आपण अंदाजाने रांधायचं. पहिलंच कोडं इडलीचं: ताटल्या एकावर एक कशा रचायच्या म्हणजे सगळ्या इडल्यांना वाफ लागेल. माझ्या सासूबाई मागे उभ्या राहून चुका काढत होत्या. मग मुलगा मोठा होतो आणि त्याला आपल्या घरच्या भाषेची लाज वाटायला लागते. तिथून पुढे रुमाल जवळ ठेवा.

गुहागरी

वेन्बा पीएस४ वर नाही, पीएस५ वर आहे. पण लॅपटॉपवर चालेल, जड नाही. तसाच पुण्यात बनलेला राजी, २०२०. सर्कशीत काम करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघते. गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात, मध्ये मध्ये सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ. त्यांचं क्राउडफंडिंग (लोकांकडून वर्गणी गोळा करणं) फसलं होतं, तरी चिकाटीने गेम काढला. मारामारी थोडी अडखळते, आणि गोष्ट ऐन रंगात आली की संपते. तरी घ्या. पीएस४ वर आहे, पण उतरवावा लागेल.

राजपुरी_जेटी

थोडं अवांतर. २०२५ मध्ये असॅसिन्स क्रीड शॅडोज नावाचा गेम आला, दोन नायक, एक जपानी मुलगी नाओए आणि दुसरा यासुके, आफ्रिकन. त्यावर जगभर बोंबाबोंब, म्हणे जपानात काळा सामुराई कुठून आणला. अरे, माणूस खरा होता! १५७९ मध्ये जेसुइट पाद्री वालिन्यानोबरोबर जपानात उतरला, तिथला बडा सरदार ओदा नोबुनागा, त्याने पदरी ठेवला.

आम्ही मुरूडचे. घराच्या ओट्यावरून जंजिरा दिसतो. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं इथलं राज्य १९४८ पर्यंत होतं, त्यामुळे काळा माणूस तलवार धरून उभा, यात आम्हाला नवल काय? आणि मलिक अंबर तर गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, तो निजामशाहीचा कारभारी झाला. १६२४ ला भातवडीत त्याने मोगल आणि आदिलशाही दोघांना एकदम लोळवलं, शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. गनिमी काव्याचा गेम करायला याहून चांगला नायक मिळेल? पुण्याच्या पोरांनो, कोणी वाचत असाल तर घ्या मनावर. (शॅडोज पीएस४ वर चालत नाही, म्हणून अवांतर.)

चाकरमानी_डोंबिवली

मलिक अंबरचा गेम आला तर मी पहिला विकत घेईन. बाकी माझं म्हणणं कायम.

पेटारी_दशावतारी

दोघांनी मिळून खेळायचं असेल तर नेव्हर अलोन, २०१४. अलास्कातल्या इन्युपियाट लोकांनी गेमवाल्यांबरोबर बसून बनवलेला. नूना नावाची मुलगी आणि तिचा पांढरा कोल्हा, हिमवादळ कुठून येतं ते शोधत जातात. एकाने नूना व्हायचं, एकाने कोल्हा. मूळ लोककथेत मुलगा होता, इथे मुलगी केली. पीएस४ वर आहे, आकाराने लहान.

गोष्ट सांगणारा त्यांच्या भाषेत बोलतो, खाली इंग्रजी ओळी. खेळता खेळता त्या लोकांचे छोटे व्हिडिओ उघडत जातात, खरे म्हातारे, खरी बोट, खरा बर्फ. मला सारखं वाटत होतं, पेटारी उघडून बसलेला आमचा एखादा म्हातारा मालवणीत गजाली सांगतोय आणि पोरं कंट्रोलर घेऊन ऐकतायत. रंगाबरोबर भाषाही आली पाहिजे हो. नाहीतर गोऱ्याला पिवळट सावली मारली की झाला भारतीय.

रापणकर

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय, मधे चार दिवस लाइट नव्हती.

लॉस्ट लेगसीची डिस्क कुडाळच्या एका मुलाकडून मिळाली, बदल्यात फुटबॉलची दिली. नेव्हर अलोनसाठी पीएस४ पिशवीत घालून मित्राच्या दुकानात नेला, त्याच्याकडे फायबर आहे. रात्रभर तिथे ठेवून सकाळी आणला, वर त्याच्या बायकोचे घावणे खाऊन आलो.

नूना ती, कोल्हा मी. मी दर दोन मिनिटांनी बर्फाच्या पाण्यात पडतो आणि ती ‘मामा, उडी मार, उडी!’ म्हणून अशी ओरडते की शेजारच्या काकी विचारायला आल्या. परशुरामाच्या गोष्टीवर तिने मान हलवली, ‘म्हायत आसा माका’ एवढंच. क्लोईच्या रंगाबद्दल अवाक्षर नाही. मीही काढलं नाही.

फक्त काल जीप चिखलातून काढताना मधेच थांबली. दोघी बाया गुडघाभर गवतातून चालल्या होत्या, वर पाऊस. म्हणाली, ‘मामा, ह्यांका आंबोली म्हायत नाय. इतक्या झाडीत एकपण जळू कशी चिकटाक नाय?’